हेदवीची बामणघळ कॅम्पर व्हॅननं बघायची तर आधी भरतीची वेळ काढा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्याहून भाड्याची कॅम्पर व्हॅन, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, दत्तजयंतीला जोडून तीन रात्री, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीची बामणघळ, म्हणजे भरतीचं पाणी जिथून उंच उसळतं ती कातळातली चीर, बघायचीच आहे. रस्ता कुठला घ्यायचा, गाडी समुद्रावर लावून तिथंच झोपता येईल का, फेरीबोटीत एवढी गाडी घेतात का आणि पाणी-लाइट-टॉयलेटचं कसं करायचं, एवढं तुम्ही विचारलंय. मी मूळचा गुहागर तालुक्यातला, आधी बरीच वर्षं टेम्पो ट्रॅव्हलर चालवली आणि गेली ९ वर्षं कॅम्पर व्हॅनच चालवतो, त्यामुळे ही सगळी वळणं आणि हे सगळे धक्के पाठ आहेत. सविस्तर लिहितो.

बहुतेक लोक आधी मॅप उघडतात, हॉटेलं बघतात, किलोमीटर मोजतात. कोकणात किनाऱ्यानं गाडी न्यायची तर पहिल्यांदा भरती-ओहोटी बघायची, मग बाकीचं. कारण बामणघळ भरतीलाच उडते, बीचवर चालायला मजा ओहोटीला, आणि फेरीबोटीचा उतार गाडीला झेपणार की घासणार हेही पाण्यावरच ठरतं. तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या एका वेळापत्रकात आहेत म्हणून तिथूनच सुरू करतो.

आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ-मोबाईल न बघता भरतीची वेळ सांगतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दिवसात दोन भरत्या, मधे साधारण साडेबारा तासांचं अंतर, म्हणजे सकाळी तीच वेळ आणि रात्री जवळजवळ तीच, आणि रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघायच्या आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाईलवरच्या एखाद्या टाइड अ‍ॅपमध्ये रत्नागिरीची वेळ बघून घ्या. मुंबईची वेळ घेऊ नका, खाली रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या आधी येते, आणि मुंबईला जेवढं पाणी चढतं तेवढं इकडे चढतही नाही.

आता दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला आम्ही उधाण म्हणतो. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, पाणी मधल्यामधे हलतं, त्याला भांग म्हणतात. भांगाला बामणघळीवर गेलात तर बऱ्याचदा नुसतं खळखळ पाणी बघून परत याल, आणि मग लोक लिहितात की काही खास नाही. खास आहे हो, तुम्ही चुकीच्या तिथीला गेलात. तुमची सुट्टी नेमकी उधाणात आलीय आणि भरती भर दिवसा, दुपारच्या आधी. याहून चांगली तारीख मी मुद्दाम शोधली असती तरी मिळाली नसती.

घळ म्हणजे नक्की काय ते सांगतो म्हणजे वेळेचं महत्त्व कळेल. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराचं देऊळ आहे, तिथून कातळावरून थोडं चालत गेलं की काळ्या दगडात एक अरुंद खोल चीर दिसते. सह्याद्रीचा जो दगड तोच हा, लाव्हारसाचा बेसाल्ट, थंड होताना त्यात भेगा पडतात, आणि समुद्र तशी भेग हजारो वर्षं कोरत कोरत आत जातो. तोंडाशी लाट शिरते ती पूर्ण रुंदीची, आत गेल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात, पाण्याला पुढे जागा नाही, बाजूला जागा नाही, मग ते वरच जाणार. त्यात लाटेच्या पुढची हवा आत कोंडते, ती दाबली जाते आणि सुटते. तुम्ही उभे असाल तर आधी पायाखाली ढम्म असा आवाज येतो, कानापेक्षा तळव्यांना जास्त कळतो, मग चिरेतून गार दमट हवेचा झोत तोंडावर येतो आणि त्याच्या मागोमाग पांढरं पाणी उभंच्या उभं वर. वर गेलेलं पाणी क्षणभर थांबल्यासारखं वाटतं, मग कातळावर फटाफट आपटतं आणि बारीक बारीक ओघळांनी परत चिरेत उतरतं, तेवढ्यात पुढची लाट. प्रत्येक लाट उडत नाही. पाच-सात नुसत्या गुरगुरतात आणि मग एक येते. मी शेकडो वेळा बघितलंय, अजूनही गाडी लावून लोकांबरोबर चालत जातो, गाडीत बसून राहवत नाही.

भरतीच्या आधी तासभर पोचायचं आणि भरती पूर्ण होऊन अर्धा तास झाला की निघायचं. पाणी चढत असतानाचा शेवटचा तास सगळ्यात चांगला.

आता सुरक्षिततेचं, आणि हे मी हात जोडून सांगतो. कातळाचा रंग बघा. कोरडा कातळ करडा दिसतो, ओला काळा. जिथं दगड ओला आहे तिथवर आज पाणी आलेलं आहे आणि पुन्हा येणार आहे, म्हणून उभं राहायचं ते कोरड्यावर आणि कोरड्यातही दोन-चार पावलं मागे. हिरवट-काळपट शेवाळ असतं त्यावर चप्पल तर नाहीच, बूटसुद्धा घसरतो. पोचल्या पोचल्या जवळ जायचं नाही, लांब उभं राहून वीस लाटा मोजायच्या, त्यात सगळ्यात मोठी कुठवर आली ते बघायचं आणि मग जागा ठरवायची. मुलांना हे मोजायचं काम द्या, ती मन लावून करतात आणि हात धरून एका जागी थांबतात. चिरेच्या कडेला वाकून आत बघायचं नाही, समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सासूबाईंनी कातळावरून चालायचा हट्ट धरला तरी देवळापाशीच बसवा, तिथूनही समुद्र छान दिसतो आणि सावली असते. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी हैदराबादची इन्कॉइस संस्था किनाऱ्यासाठी उंच लाटांचा इशारा देते तो बघा. आकाश निरभ्र असतं, वारा नसतो, तरी लांब समुद्रात कुठंतरी उठलेल्या लाटा इथं येऊन आपटतात. इशारा असेल तर त्या दिवशी घळीजवळ जाऊच नका, दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या आणि परत फिरा.

रस्ता. पुण्याहून साताऱ्याकडे, उंब्रजला उजवीकडे वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर, आणि तिथून हेदवी. सगळं मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास. ताम्हिणीनं माणगावला उतरून मुंबई-गोवा हायवेनंही येता येतं, कार असती तर मी तेही सांगितलं असतं, पण कॅम्पर व्हॅनला कुंभार्ली बरा. वरंधा घाटानं आणू नका, अरुंद आहे. कुंभार्लीत उतरताना दुसरा गिअर आणि इंजिनावर गाडी धरायची. भाड्याची गाडी चालवणारे लोक ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरतात, सामान-माणसं-फर्निचर धरून साडेतीन-चार टनांची गाडी असते, लायनर तापतो, जळका वास येतो आणि पेडल मऊ पडतं. वास आला तर लगेच मोकळ्या जागी बाजूला थांबा, वीस-पंचवीस मिनिटं, चाकांवर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला ते वाईट. तुमचे मिस्टर रोज कार चालवतात म्हणालात, तर निघायच्या आदल्या दिवशी सामान भरलेली गाडी घेऊन तासभर तरी शहराबाहेर चालवून बघू दे, वळणाला मागचं चाक आत कापतं आणि शेपूट बाहेर फेकली जाते याचा अंदाज घाटात शिकायची गोष्ट नाही.

आणि पाण्याची टाकी पुण्यातून भरून आणू नका. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो वजन, आणि अर्धी भरली असेल तर वळणाला आत पाणी डचमळतं आणि गाडी हेलकावे खाते. प्यायचे दोन कॅन घ्या, टाकी घाट उतरल्यावर मुक्कामी भरा. डिझेल चिपळूणला नाहीतर शृंगारतळीला फुल करून घ्या.

गुहागरपासून हेदवीपर्यंतचा रस्ता सुंदर पण तुमच्या गाडीची उंची लक्षात ठेवा. छतावर एसी किंवा सोलर असेल तर नऊ-साडेनऊ फूट सहज होते. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्याचे, म्हणजे आमच्या तांबड्या दगडाचे, गडगे (कुंपणाच्या भिंती), वरून आंब्या-फणसाच्या फांद्या आणि मधूनच घराकडे गेलेली एखादी लोंबती वायर. गाडीची नेमकी उंची टेपनं मोजून स्टिअरिंगसमोर चिकटवून ठेवा, आणि वाडीत शिरताना एक माणूस खाली उतरून पुढे चालू दे. समोरून एसटी आली तर तिला जागा द्यायची, ड्रायव्हरला रस्ता पाठ असतो, तो हातानं खूण करेल तसं करा.

आता बीचवर झोपायचं. नाही, ताई. मला माहितीय की व्हॅन घेण्यामागं तेच स्वप्न असतं, दार उघडलं की समोर लाटा. पण वाळूत गाडी घालू नका. संध्याकाळी ओहोटीला वाळू सिमेंटसारखी कडक दिसते, गाडी मस्त उभी राहते, आणि पाणी फिरलं की सुरुवातीला कळतही नाही कारण पहिल्या तासाला ते हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला सगळ्यात जोरात. तोवर तुम्ही झोपलेले असता. उधाणाच्या रात्री भरती साडेअकरा-बाराला. चाकाखालची वाळू पाण्यानं मोकळी झाली की चार टनांची गाडी आपल्याच वजनानं बसते, रेस केली की अजून खोल, आणि मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टर लावून निघालेल्या गाड्यांचे ब्रेक, बेअरिंग, वायरिंग महिन्याभरात एकेक करून जातात, खारं पाणी सोडत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात, गुहागरला, वेळासला, आंजर्ल्याला. भरतीरेषेच्या वर वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते, पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी निघतात. तुमचा डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. गाडीच्या चाकाखाली घरटं दबतं हे एक, आणि गाडीच्या लाइटांनी मादी अंडी न घालताच फिरते. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पण कायद्याचं सोडा, गावातली पोरं रात्र रात्र जागून ती घरटी राखतात. रात्री बीचवर फिरायला गेलात तरी टॉर्च खाली धरा, आणि कासव दिसलंच तर लांब थांबून गावात कळवा.

मग गाडी लावायची कुठं. होमस्टेच्या अंगणात. २०२१ साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, पण मी आजही लोकांच्या अंगणावरच भिस्त ठेवतो आणि मला ते आवडतं. आधी फोन करून सरळ सांगा की खोली एकच हवी, सासूबाईंसाठी, बाकी आम्ही गाडीत झोपू, अंगणात गाडी लावू, पाणी आणि लाइटचा पॉइंट वापरू आणि त्याचे पैसे देऊ. गेटची रुंदी आणि अंगणापर्यंतचा चढ विचारा, फोटो मागवा. खोली घ्याच, ६८ व्या वर्षी रात्री दोनदा उठून व्हॅनच्या पायऱ्या आणि ते अरुंद टॉयलेट नको. जेवण त्याच घरी सांगा, दोन-तीन तास आधी सांगितलं तर पानात गरम पडतं. व्हॅनमध्ये चहा, नाश्ता, मुलांचं दूध एवढंच करा.

अंगणात लावतानाही वर बघा. नारळाखाली गाडी लावायची नाही. हे प्रत्येकाला सांगतो आणि तरी लोक सावली बघून लावतात. नारळ पडतो तो पडतोच, पण पिकलेली झावळही कमी नसते, वारा नसताना रात्री सुटून येते आणि छताचा व्हेंट नाहीतर सोलर पॅनल फोडून जाते. मोकळ्या आभाळाखाली लावा, सोलरलाही तेच बरं, पॅनलवर नारळाची सावली अर्धीमुर्धी पडली तरी चार्जिंग फार घसरतं.

लाइटचा हिशोब सोपा आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. छोटा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो, म्हणजे रात्रभर एसी विसरा, दोन-सव्वादोन तासात बॅटरी रिकामी. डिसेंबरात गुहागर-हेदवीला एसी लागतच नाही, पंखा आणि जाळीच्या खिडक्या पुरतात, पंखा-दिवे-मोबाईल-पाण्याचा पंप यांना बॅटरी दोन दिवस सहज जाते. घरातून लाइट घेणार असाल तर १६ अँपिअरचा पॉइंट मागा आणि लावायच्या आधी टेस्टर फिरवा. आमच्याकडे जांभा, पावसाळ्यानंतर जमीन कोरडी पडत जाते आणि अर्थिंग नीट राहत नाही. व्हॅनची बॉडी पत्र्याची, खाली रबरी टायर, करंट उतरला तर ओल्या पायानं दार धरणाऱ्याला बसतो. गाडीत करंट गळला की बंद पडणारा ब्रेकर आहे का आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो खरंच पडतो का हे भाड्यानं घेतानाच बघून घ्या. पडत नसेल तर ती गाडी घेऊ नका.

पाणी. पाच माणसं, माणशी वीस लिटर धरले तरी दिवसाला शंभर लिटर. आंघोळी होमस्टेच्या बाथरूममध्ये करा म्हणजे टाकी दीड-दोन दिवस पुरेल. विहिरीचं पाणी भरताना स्वतःचा स्वच्छ पाइप वापरा, आणि घरच्यांना विचारून, मार्गशीर्षात विहिरींना पाणी असतं पण पंप लावायची त्यांची वेळ ठरलेली असते.

टॉयलेटबद्दल तुम्ही लाजत लाजत विचारलंय, पण खरं सांगू का, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. व्हॅनमधल्या कॅसेट टॉयलेटची पेटी, म्हणजे खाली मैला साठतो ती काढून नेता येणारी टाकी, वीस लिटरच्या आसपास असते, पाच माणसांत ती दुसऱ्या दिवशी भरते. ती रिकामी करायची फक्त सेप्टिक टँकवाल्या संडासात, घरमालकाला विचारून. रस्त्याकडेला नाही, पऱ्यात (ओढ्यात) नाही, बागेत खड्डा करूनही नाही. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, वर ओतलेलं पाणी गाळून न घेता झरझर खाली जातं आणि शेजारच्या विहिरीत उतरतं. त्याच विहिरीचं पाणी संध्याकाळी तुमच्या पानाशेजारी तांब्यात येतं. पेटीत टाकायला जैविक पावडर घ्या, फिनेल किंवा ब्लीच नको, त्यानं घरच्या सेप्टिक टँकमधले जीवाणू मरतात आणि तुम्ही गेल्यावर त्यांचा टँक तुंबतो. भांडी धुतलेल्या पाण्याची टाकीही अशीच, विचारून, माडाच्या आळ्यात सोडलं तर चालतं बहुतेक घरांत, साबण कमी वापरलात तर.

गॅसचं एक. सिलिंडर उभाच ठेवायचा, गाडी चालू असताना आणि फेरीवर रेग्युलेटर बंद. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली जमिनीवर साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी असायला हवी. ती कुणी सामानानं किंवा कार्पेटनं झाकली नाही ना ते बघा.

फेरीबोट. आमच्याकडे जंगल जेटी म्हणतात. धोपावे ते दाभोळ वाशिष्ठीवर, तवसाळ ते जयगड शास्त्रीवर, अशा फेऱ्या आहेत आणि गाड्या घेतात, मोठ्याही घेतात. आधी धक्क्यावर फोन करून गाडीची लांबी-वजन सांगा, त्या दिवशी कुठली बोट आहे यावर असतं. अडचण लांबीची नसते, उताराची असते. पूर्ण ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोपरा पडतो, आणि व्हॅनचा मागचा भाग चाकाच्या बराच मागे लोंबतो. ६ वर्षांपूर्वी एका धक्क्यावर, कुठला ते महत्त्वाचं नाही, मला घाई होती, पाणी पार उतरलेलं, तिथला माणूस म्हणाला थांबा तासभर, मी नाही थांबलो. पुढची चाकं फळीवर चढली आणि मागून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. सांडपाण्याच्या टाकीचा नळच तुटला, सगळं घाण पाणी धक्क्यावर, मागे स्कूटरवाली माणसं उभी, एका बाईंच्या टोपलीतल्या मासळीपर्यंत ओघळ गेला. त्या बाईंना मासळीचे पैसे दिले, बादलीनं धक्का धुतला, पण ते तोंड घेऊन बोटीत उभं राहणं अजून आठवतं. तेव्हापासून मी मध्यपाण्याला जातो, भरती-ओहोटीच्या बरोब्बर मधे, तेव्हा उतार सरळ मिळतो. धक्क्यावरचा माणूस थांबा म्हणाला की थांबायचं, तो रोज ते पाणी बघतो. चढताना मुलं आणि सासूबाई खाली उतरून चालत बोटीत जाऊ देत, गाडी हलकी होते आणि मागे एक माणूस बघायला मिळतो. कधी रिव्हर्स घ्यायला सांगतात, त्याची तयारी ठेवा. बोटीत हँडब्रेक आणि गिअर दोन्ही.

तर तुमचे दिवस असे लावा. चतुर्दशीला पहाटे पाचला पुणे सोडा, चिपळूणला जेवा, तीन-साडेतीनपर्यंत गुहागर. ओहोटी पावणेपाचच्या आसपास, किनारा सहा किलोमीटरचा, वाळू ओली आणि सपाट, मुलांना मनसोक्त पळू द्या, सासूबाईंना व्याडेश्वराचं दर्शन. खडकाळ टोकाला गेलात तर बायका कोयत्यानं कालवं काढताना दिसतील, मुलांना जरूर दाखवा, त्या हसून बोलतात. पौर्णिमेला आठ-साडेआठला गुहागर सोडा, हेदवीला आधी दशभुजा गणपती, सव्वादहाला घळीपाशी, बारापर्यंत तिथं. मुक्काम हेदवी किंवा वेळणेश्वर. आणि घाईत तिथून पुढं पळू नका, संध्याकाळी ओहोटीला पुन्हा घळीकडे जा. सकाळी जिथं पाणी उसळत होतं ती चीर आता उघडी पडलेली असते, आतल्या भिंती गुळगुळीत, फटीत खेकडे, तळाशी थोडं हलणारं पाणी. ते बघितल्याशिवाय सकाळचं पाणी कुठून आलं हे मुलांना कळणार नाही. तेव्हाही आत उतरायचं नाही, वरूनच.

तिसऱ्या दिवशी प्रतिपदा, ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला, भरती बाराच्या पुढंमागं, म्हणजे मध्यपाणी साधारण नऊला. नऊ-सव्वानऊला तवसाळच्या धक्क्यावर असा, जयगडला उतरा, गणपतीपुळ्याला मुक्काम. तिथं गर्दी असेल, पार्किंग आधी बोलून ठेवा. चौथ्या दिवशी निवळी फाट्यावरून हायवेला लागा, संगमेश्वर, चिपळूण आणि आल्या घाटानं वर. हायवेचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, डायव्हर्जन अचानक येतात, अंधारात चालवू नका.

पुण्यात गाडी परत करायच्या आधी गोड्या पाण्यानं खालून धुवून घ्या, चाकांच्या आत, सायलेन्सर, मागच्या पायरीचे बिजागर. तुम्ही बीचवर गाडी नेली नाहीत तरी चार दिवस खारी हवा आणि फेरीवरचे शिंतोडे लागलेले असतात. आणि कॅसेटची पेटी धुवून, झाकण उघडं ठेवून उन्हात वाळवून द्या, मागून येणारं कुटुंबही तुमच्यासारखंच लहान मुलं घेऊन येणार आहे. गाडीचा मागचा फोटो आणि लांबी-उंची पाठवलीत तर तवसाळच्या उताराला ती बसेल का ते बघून सांगतो.